माइकवाला

दोनशे खुर्च्या मानवतहून आणल्या, शंभर इथल्याच.
सेलूच्या शाळेचं पटांगण, जानेवारीचा गारठा,
मागं भिंतीला लागून कुणीतरी पळाट्या पेटवलेल्या.
मी याकूब साउंडवाला, जिंतूर रोड.
मिक्सरमागं हेडफोन लावून बसतो
आणि गाण्यातलं मला तेवढंच कळतं
जेवढं त्या बारक्या दिव्यांना:
हिरवा, पिवळा, लाल.

दोन सत्कार लांबले. तिसऱ्यात शाल सापडेना.
मग निवेदकानं घड्याळ बघत नाव पुकारलं,
उत्पला गायसमुद्रे, रेणापूर,
आणि वीस मिनिटांची पंधरा केली
तिला न विचारता.

ती आली ती तंबोऱ्याच्या आडानं.
बसली माइकपासून हातभर लांब,
विरजण मागायला धाडलेलं लेकरू
शेजारच्या उंबऱ्यावरच थांबावं तशी.
मी जाऊन माइक पुढं सरकवला. ती मागं सरकली.
पुन्हा पुढं. पुन्हा मागं.
असं करत सतरंजी संपली असती.

लोकांना ऐकू आलं नाही, मला आलं:
एक आवंढा,
आणि अगदी हळू, स्वतःलाच,
"काही नाही होत. काही नाही."
मी मान फिरवली.
दुसऱ्याचं पाकीट चुकून फोडल्यासारखं झालं.

बागेश्री, म्हणे.
मी आवाज वाढवला, तिनं कमी केला.
मी अजून वाढवला,
तर कर्ण्यानंच शिट्टी घातली
आणि पहिल्या रांगेतल्या साहेबांनी वळून पाहिलं
माझ्याकडं, जसं काही मीच गात होतो.
ती बघत होती पेटीवरच्या पाण्याच्या बाटलीकडं.
सगळी बागेश्री त्या बाटलीला सांगत होती.

मग समेवर यायचं होतं, ती आलीच नाही.
तबल्यावर लोहाऱ्याचे केरबाअप्पा, सत्तरीचे.
ठेका धरून राहिले, भुवया उडवल्या,
म्हणजे, ये बाई, दार उघडंच आहे.
आणि तिला हसू फुटलं.
फसकन, नाकातून,
लपवता लपवता थेट माइकात.
तीनशे खुर्च्यांनी ऐकलं ते.
कुणीतरी उलट हसलं, मग बरेच जण,
पंगतीत वाढणाऱ्याचा हात चुकल्यावर हसतात तसे.

पुढचं मला नीट सांगता यायचं नाही.
मी काही केलं नाही एवढं नक्की,
माझं बोट होतं तिथंच होतं.
पण दिवे पिवळ्यात गेले आणि तिथंच राहिले.
आत चुलीपाशी बोलणारं माणूस
बाहेर ओट्यावर येऊन बसावं, असा आवाज.
एका जागी ती रेंगाळली,
नंतर पेटीवाल्यानं सांगितलं, कोमल गंधार.
असेल.
मला इतकंच दिसलं की शेकणारी माणसं
उठून पुढं येऊन उभी राहिली होती
आणि जाळ मागं एकटाच जळत होता.

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.
असं कधी करू नये, हे मीच लखनला शिकवलंय.
पंधरा मिनिटं झाली. निवेदक उठला,
परत बसला.

संपलं तेव्हा ती टाळ्यांत थांबलीच नाही.
स्टेजमागच्या अंधारात चपला हुडकत होती,
एक सापडली, दुसरी सापडेना,
तोंडावर पुन्हा तोच उंबरा.
मी बॅटरी धरली.
म्हणायचं होतं, बेटा, फार मोठं काम केलंस.
म्हणालो, "वायर आहे तिथं, जपून."

सकाळी पाथरीला साखरपुडा. तोच माइक.
फोमला ज्येष्ठमधाचा वास.
पस्तीस वर्षं गळा फाडून हॅलो म्हणत आलोय,
आज म्हणालो
तर मांडवाच्या टोकावरून लखन हात हलवायला लागला,
"चाचा, ऐकूच येईना गेलंय!"

मी पुन्हा म्हणालो.
तितक्याच हळू.